पडायची जागा

आबा घराला कुलूप लावायचे आणि दोनदा ओढायचे. पहिला हिसका खाली, दुसरा स्वतःच्या अंगाकडे. मग किल्ली कनवटीला लावून दोन पायऱ्या उतरायचे आणि मागं न बघता चालू लागायचे. आजी वैतागायची. "आवं, कुणी बगितलं तर म्हनंल ह्यांच्या घरात घबाड हाय." घबाड कसलं? रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यात एक पत्र्याची ट्रंक, एक पितळी घागर आणि आढ्याला टांगलेला भला मोठा वाळका भोपळा, ज्यात आजी बी-बियाणं ठेवायची. पण हिसके दोन म्हणजे दोन. शेजारच्या विहिरीवर जायचं असलं तरी दोन.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. मिरज-पंढरपूर छोट्या लाइनीवर पॉइंट्समन होते. स्वतःला ते 'पाइंटमन' म्हणवायचे. मराठीत याला सांधेवाला असा छान शब्द आहे, पण तो मी पुस्तकात वाचला, स्टेशनावर कुणाच्या तोंडी कधी ऐकला नाही. स्टेशनाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे एक-दोन चुकांच्या गोष्टी येणार आहेत, आणि त्यातली एक माझी आहे.

ती लाइन म्हणजे बार्शी लाइट. आमच्याकडे एवढं पूर्ण नाव कुणी घेत नसे, नुसती 'छोटी गाडी'. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये आमच्या मिरजेला येऊन टेकली. मिरजेहून निघालं की आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, लंगरपेठ, ढालगाव, जत रोड असं करत ती सांगोल्याकडे जायची. ओसाड माळ, बाभळी, मधेच एखादी मोटेची विहीर. रुळांमधलं अंतर अडीच फूट. एके काळी मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ होते: पुण्याकडची मोठी लाइन, बेळगावकडची मीटरगेज आणि ही आमची. मला लहानपणी ते आई, थोरली बहीण आणि मी असं वाटायचं.

लाइन उभी केली ती एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. त्याचं गणित सरळ होतं. इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालाचा डबा, एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलका रूळही पुरतो. त्याने मुळात घातलेला रूळ यार्डाला ३० पौंडांचा होता, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मोठ्या लाइनीवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. आषाढी-कार्तिकीला टपापर्यंत माणसं लगडायची तेव्हा त्या पाच टनांच्या हिशेबाचं काय होत असेल, ते पांडुरंगालाच ठाऊक.

सांधा बदलणं हे आपण बोलताना फार सहज वापरतो. गप्पांनी सांधा बदलला, नशिबाने सांधा बदलला. खरा सांधा, म्हणजे एका लाइनीचे दोन फाटे होतात ती जागा, एकदा उकिडवं बसून बघावा. मुख्य रुळाच्या कुशीत टेकणारा एक निमुळता रूळ असतो, त्याला म्हणायचं जीभ, टोकाला इतका बारीक की विळ्याचं पातं वाटावं. अशी जोडी असते, आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी जखडलेली. डावी जीभ रुळाला टेकली की उजवी सुटते, उजवी टेकली की डावी. चाकाच्या आतल्या अंगाला जो काठ असतो, तो या जिभेला धरून वळतो, आणि त्याच्यामागं अख्खी गाडी. म्हणजे शे-दीडशे माणसं कुठं जाणार ते त्या पात्यासारख्या टोकावर ठरतं.

हे हलवणारा दांडा रुळाच्या बाजूला, जमिनीलगत असायचा. त्याच्या टोकाला ओतीव लोखंडाचं वजन, मध्यम कलिंगडाएवढं. आबा उजवा पाय मागे रोवायचे, दोन्ही हातांनी दांडा उचलायचे, आणि तो उभा झाला की सोडून द्यायचे. पुढचं काम वजन करायचं. धप्प. तो आवाज मला क्वार्टरमधून झोपेत ओळखू यायचा. वजनाचं काम जीभ नुसती सरकवण्यावर संपत नाही. वरून गाडी खडखडत जाते, सगळं हादरतं, त्या सगळ्या वेळात जीभ रुळाला दाबून धरायची असते.

गाडी सांध्याच्या मागच्या अंगाने, म्हणजे फाट्यांकडून, आली आणि सांधा चुकीचा लावलेला असला, तर चाकं जिभेला ढकलून वाट काढतात. काहीतरी वाकतं, मोडतं, बोलणी बसतात, पण बहुतेक वेळा गाडी निभावते. सांध्याच्या तोंडावरून आली तर मात्र खरी परीक्षा. जीभ बोटभर जरी सुटलेली असली तर चाकाचा काठ त्या फटीत शिरतो. मग पुढची चाकं एका वाटेला आणि मागची दुसऱ्या.

हे सगळं मला नऊ वर्षांची असताना समजलं, आणि त्याला कारण एक खडा.

१९७९ चा मे महिना. सुट्टीला आम्ही आबांकडे. एकदा सांधा मिटताना जिभेत सापडलेलं बाभळीचं शेंगुळ मी बघितलं होतं. कात्रीने कापावं तसं कापलं गेलं होतं. मग खड्याचं काय होत असेल? पीठ होईल का? दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी जाऊन रुळाखालच्या खडीतला एक काळा खडा, हरभऱ्याहून जरा लहानच, जीभ आणि रूळ यांच्या फटीत, टोकापासून वीतभर आत ठेवला. आणि लिंबाखाली जाऊन बसले.

पंढरपूरकडून पॅसेंजर यायची होती. आबा आले, दांडा उचलला, सोडला. धप्प झालं नाही. 'टक्' असा चोरटा आवाज आला आणि दांडा जमिनीपासून टीचभर वर अडकून राहिला. आबांनी दांड्याकडे बघितलंच नाही. मान वळवून थेट लिंबाकडे बघितलं.

"हिकडं ये."

मी गेले. मार बसणार हे गृहीत धरून डोळे आधीच मिटले होते.

"डोळं उगड. बस हितं. बोट घालू नगंस, नुसतं बग. काय दिसतंय?"

"खडा."

"खडा सोड. दांड्याच्या बुडाला बग. दोन भोकं हायत. एकावर एक आल्याती का?"

नव्हती आली. वरचं भोक खालच्या भोकाला चंद्रकोरीएवढं झाकत होतं. आबांनी कमरेची लोखंडी खुंटी काढून त्यात घालून दाखवली. जाईना. "खुटी न्हाई, तर कुलूप न्हाई. कुलूप मिटल्याबगार त्यातनं किल्ली निघत न्हाई. किल्ली मास्तरला दिल्याबगार मास्तरचा शिंगल पडत न्हाई. आन् शिंगल पडल्याबगार डायवर गाडी आत आनत न्हाई. कळलं?"

मला तेव्हा ती म्हातारीच्या गोष्टीसारखी वाटली होती, काठी कुत्र्याला मारेना, कुत्रा मांजराला चावेना, तशी. आज ती म्हणून बघते तेव्हा त्यातली हुशारी लक्षात येते. कुलूपच असं बनवलेलं की उघडं असताना किल्ली त्याच्या पोटात अडकून राहायची. आबांनी तोंडाने कितीही सांगितलं की "सांधा लागलाय", तरी मास्तरला त्याचा उपयोग नव्हता. किल्ली हातात पडली की सांधा लागला. माणसाचा शब्द मधे कुठं घेतलाच नव्हता.

आबांनी खडा काढला, दांडा पुन्हा उचलून सोडला. धप्प. खुंटी, कुलूप, किल्ली. मास्तरकडे जाऊन आले आणि सिग्नल पडला. हे 'सिग्नल पडला' आता नव्या पोरांना कळत नाही. त्यांना वाटतं खांब कोसळला. तेव्हा खांबावरचा लाल हात आडवा असला की थांबा, आणि खाली पडला की या. हाताला मागं वजन असायचं. मास्तर तार ओढून धरायचा तोवरच हात खाली. तार तुटली, गंजली, कुणी कापली, तर हात आपोआप आडवा, म्हणजे गाडी थांबणार. बिघाड झाला तर काय व्हावं, हे बिघाड व्हायच्या आधीच कुणीतरी बसून ठरवलं होतं.

त्या रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या आबा म्हणाले, "खडा घातलास त्ये वाईट केलंस. पर दांडा पडला न्हाई, त्ये बगितलंस न्हवं?" बस्स. पुढं कधी विषय नाही.

खूप वर्षांनी, सिग्नल खात्यात नोकरी केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की आजच्या विजेवर चालणाऱ्या सांध्यांचीही हीच परीक्षा घेतात. जिभेच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी तुकडा घालायचा आणि मोटर चालवायची. सांधा लॉक झाला नाही तर पास. झाला तर नापास. मी मनातल्या मनात वीत मोजली, खडा मोजला. नवव्या वर्षी मी बऱ्यापैकी नियमाला धरून तपासणी केली होती म्हणायची.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, भाचा. तो कोलोरॅडोत असतो. मागच्या उन्हाळ्यात तो ड्युरँगो ते सिल्व्हरटन या जुन्या छोट्या गाडीने फिरून आला. १८८२ साली खाणींच्या गावापर्यंत नेलेली लाइन, ४५ मैलांची, रुळांमध्ये तीन फूट अंतर, आणि अजून वाफेवर चालते. आपण आपल्या छोट्या गाडीचं भंगार केलं, त्यांनी तिकीट लावलं. असो. त्याने डोंगर, नदी, धूर सगळं सोडून रुळाशेजारच्या एका दांड्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: "मावशी, पणजोबांचा दांडा सापडला!"

दांडा तसा वेगळा होता. मधोमध उभा कणा, त्याच्या डोक्यावर रंगवलेली पत्र्याची तबकडी. दांडा फिरवला की कण्याबरोबर तबकडी फिरते, म्हणजे ड्रायव्हरला लांबूनच सांधा कुठं लागलाय ते दिसतं. आबांच्या सांध्यावरही अशी तबकडी होती, रात्री तिच्यात दिवा. सांधा सरळ असला की तबकडीचं पांढरं तोंड आणि पांढरा दिवा, वळणाला लावला की तबकडीची नुसती कड आणि हिरवा दिवा. पण फोटोत मला आधी दिसलं ते कुलूप. दांड्याला साखळी, साखळीला कुलूप. हजारो मैलांवर तेच.

मग मी वाचत सुटले. रात्री दीड-दोन वाजेपर्यंत. नवऱ्याने दोनदा विचारलं, ऑफिसचं काही आहे का. त्या डोंगरातल्या लायनींवर फार पूर्वी जीभ नसलेला सांधा वापरत. रूळ मधेच तोडलेला, आणि तोडलेली दोन्ही टोकंच्या टोकं सरकवून या नाहीतर त्या वाटेच्या रुळांसमोर आणायची. स्वस्त, सोपं, लोहाराला जमेल असं. पण उन्हाळ्यात लोखंड वाढलं की टोकाला टोक अडून बसायचं, आणि मागच्या अंगाने चुकून आलेल्या गाडीला पुढं रूळच नाही. सरळ खाली. अशा सांध्यांना जो दांडा लावत, त्याची ओतीव लोखंडाची उभी चौकट, मधून उभा दांडा. त्याला नाव पडलं हार्प. हे वाचून मी एकटीच हसले. हार्प म्हणजे तारांचं वाद्य. आणि आबांची नोकरी कुठल्या लाइनीवर? मिरजेच्या. जिथं सतारमेकरांची अख्खी गल्ली आहे, जिथल्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत, आणि ते गेले तेही एका रेल्वे स्टेशनावरच. आबांच्याही दांड्याचं नाव वाद्यावरून असायला हरकत नव्हती. पण आमच्याकडं तो नुसता दांडा.

त्याच वाचनात एक वाईट गोष्टही आली. छोट्या लाइनीची नाही, मोठ्या लाइनीची, आणि फार जुनी नाही. ६ जानेवारी २००५, साउथ कॅरोलायनातलं ग्रॅनिटव्हिल. आदल्या संध्याकाळी एका मालगाडीच्या लोकांनी हाताने सांधा फिरवून गाडी कारखान्याच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, लावली, काम संपवलं आणि घरी गेले. सांधा परत सरळ करायचा राहिला. त्या मार्गावर सिग्नल नव्हते. रात्री आलेली दुसरी मालगाडी मुख्य मार्गावरून धडधडत तशीच सायडिंगमध्ये शिरून उभ्या गाडीवर आदळली. तिच्यातल्या टाकीतून क्लोरीन सुटला आणि नऊ माणसं गेली. दांडा चांगला होता, बिघाड कशातच नव्हता. किल्ली मात्र ज्याची त्याच्याच खिशात होती आणि ती कुणाला नेऊन द्यावी लागत नव्हती.

तिथं मी लॅपटॉप मिटला. कारण आबांची दुसरी गोष्ट आठवली.

मी बँकेत लागले ते १९९४ मध्ये. सांगलीतच. दोन वर्षांनी कॅश माझ्याकडे आली. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एकीने काही होत नाही. दुसरा अधिकारी चहाला गेला तर तुम्ही दारात उभे. एकदा सणाच्या गर्दीत तो अर्धा तास सापडला नाही, काउंटरवर आरडाओरडा झाला, आणि मी रविवारी मिरजेला मामाकडे गेले तेव्हा आबांपुढे तो सगळा राग ओकले. आबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले, भिंतीला टेकून बसलेले. मी म्हटलं, "एवढी परीक्षा देऊन घेतात, आणि एका किल्लीचा विश्वास टाकत नाहीत. सरळ अपमानच आहे की हा."

आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "माज्यावर सोडलं असतं, तर पाशिंजर ग्येली असती की गं."

"कुठली पॅसेंजर?"

मग त्यांनी सांगितलं. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. आईचं लग्नही व्हायचं होतं. पंढरपूरकडून एक वाघीण आली होती, तिच्यात वाळलेले भोपळे. मिरजेच्या तंबोऱ्यांना भोपळे लागतात ते भीमेच्या काठचे, तिकडं त्यांची मुद्दाम शेती करतात. वाघिणीचं काहीतरी दुखलं म्हणून ती आमच्या स्टेशनातल्या लूपवर, म्हणजे मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणाऱ्या बाजूच्या रुळावर, सोडून गाडी पुढं गेली. उभी वाघीण बांधून ठेवायची असते. हातब्रेक आवळायचा, चाकाखाली लाकडी गुटके सारायचे, आणि चाकातून साखळी घेऊन रुळाला कुलूप घालायचं. आबांनी ब्रेक आवळला. गुटका एकाच बाजूला घातला. साखळी घेतली, कुलूप अडकवलं, आणि तेवढ्यात वळवाची धूळ उठली. आभाळ काळंभोर. दिवे लावायची वेळ झालेली, ते विझायच्या आत आडोशाला न्यायला म्हणून आबा पळाले.

"कुलूप अडकिवलं हुतं. किल्ली फिरवायची राह्यली."

भोपळ्यांनी भरलेली वाघीण म्हणजे जवळजवळ रिकामीच. वाळका भोपळा हातात घेऊन बघा, पिसासारखा असतो. त्यात वळवाचा वारा, तुफान, मागून. साखळी हिसकली, कुलूप गळून पडलं, गुटका उडाला, आणि वाघीण आपली चालू लागली. आधी माणसाच्या चालीने. आबा म्हणाले, पावसाच्या आवाजात चाकांचं काहीच ऐकू आलं नाही. दिसली तेव्हा ती लूपच्या टोकाला पोचत आलेली. टोकापुढं मुख्य रूळ. आणि मुख्य रुळावर मिरजेकडून पॅसेंजर निघालेली, सिग्नल पडलेला.

लूपच्या टोकाशी, मुख्य रुळाला मिळायच्या जरा अलीकडे, आणखी एक सांधा असतो. त्याला आबा 'टराप' म्हणायचे. तो कुठंच जात नाही. त्याला जीभ असते, पण वाट नसते. पुढं रूळ हातभर जाऊन संपतो, आणि मग मुरूम. लूपमधून गाडी सोडायची असेल तेव्हाच तो मिटवायचा, एरवी कायम उघडा. उघडा असताना त्याची तबकडी लाल. ह्या यंत्राचं आयुष्यभराचं काम एकच, जी गाडी मुख्य रुळावर जाता कामा नये तिला आधीच खाली पाडायची. त्या स्टेशनात आबांनी वर्षानुवर्षं त्याला वंगण घातलं, गवत काढलं, पावसाळ्याआधी मुरूम सैल केला, आणि त्या संध्याकाळपर्यंत त्याच्यावर कधी काही पडलं नव्हतं.

वाघीण त्याच्यावर आली आणि पुढची चार चाकं मुरमात रुतली. एवढंच. आवाजही फारसा झाला नाही म्हणे. नाक खुपसून बसलेल्या म्हशीसारखी ती तिरकी होऊन थांबली. मास्तरने सिग्नल परत आडवा केला, पॅसेंजर बाहेर उभी राहिली, सगळं तपासून मग तिला हळूहळू शेजारून सोडली. लोक खिडक्यांतून वाकून बघत होते, हसत होते. "वाघीण बसली बगा हागायला." आबा भिजत उभे होते आणि त्यांना माहीत होतं की हसणाऱ्यांतल्या एकालाही आपण काय हसतोय ते माहीत नाही.

जबाब झाला. आबांनी जे झालं तेच सांगितलं. वाऱ्याने कुलूप तुटलं असं सांगता आलं असतं, मास्तर तसं सुचवतही होता, भला माणूस होता. पण कुलूप तुटलेलं नव्हतं, ते तसंच्या तसं खडीत पडलं होतं, उघडं. वर्षभर पगारवाढ थांबली. आजीला कारण सांगितलं नाही.

मी विचारलं, "म्हणून कुलूप दोनदा ओढता?"

"एकदा वढल्यावं वाटतं लागलं. मग त्ये वाटलेलं बगाया परत वढायचं."

मला त्या कॅल्थ्रॉपबद्दल एक गोष्ट फार पुढे कळली, आणि ती आबांना सांगायची राहिली याची चुटपुट आहे. त्याचा एक मित्र होता, चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स. १९१० साली बोर्नमथला विमानांच्या खेळात तो कॅल्थ्रॉपच्या डोळ्यांदेखत पडून मेला. तेव्हापासून हा रेल्वेवाला माणूस पॅराशूटच्या मागे लागला. विमानातून पडणाऱ्याला वाचवणारं पॅराशूट त्याने बनवलं, नाव ठेवलं गार्डियन एंजल. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ते वापरलं, पण इंग्रज वैमानिकांना काही ते मिळालं नाही. १९२७ मध्ये तो वारला, त्याची लाइन मिरजेला पोचली त्याच साली. आबांना हे ऐकून काय वाटलं असतं? बहुधा ते एवढंच विचारते, "त्येला वंगान कसलं घालायचं?"

आता त्या जागेवरून मोठी गाडी जाते. मागच्या दिवाळीत मी मुद्दाम उतरून बघितलं. सांध्याला करड्या रंगाची मोटर, वर झाकण, झाकणाला कुलूप. लूपच्या टोकाशी नवा ट्रॅप आहे, जाड रुळाचा. जुना लिंब नाही. ज्या मुरमात वाघीण रुतली असेल तो अंदाजाने शोधला, तिथं कुणीतरी शेळ्या बांधल्या होत्या.

वाघिणीतून दुसऱ्या दिवशी भोपळे उतरवले गेले. मिरजेहून वाद्यं करणारे एक कारागीर स्वतः आले होते. आबा सांगायचे, त्यांनी तिथंच मुरमावर बसकण मारली आणि एकेक भोपळा मांडीवर घेऊन बोटाच्या पेराने वाजवत, कान लावत बसले. दोनेकशे भोपळे. गँगमन हातोड्याने रूळ वाजवत जातात तसे. जो बद्द वाजेल तो डावीकडे. डावीकडे सातच निघाले. जाताना त्यातला सगळ्यात मोठा त्यांनी आबांच्या हातात दिला. चिरलेला होता, देठापासून पोटापर्यंत. म्हणाले, ह्याच्यात आता सूर राहायचा नाही, घरी न्या.

आजीने ती चीर दाभणाने टोचून सुतळीने शिवली, वर चिकणमाती आणि शेणाचा लेप दिला आणि त्यात बाजरीचं बी भरून आढ्याला टांगला. कुठून आला ते तिला कधी कळलं नाही. तिला वाटायचं, पंढरपूरच्या कुणा ओळखीच्याने प्रसाद म्हणून दिला. आता तो मामाकडे माळ्यावर आहे, रिकामा. सुतळीचे टाके एकवीस आहेत. मी पेराने वाजवून बघितला. बद्दच वाजतो.